वीस किलोमीटरची घाई नेमकी कोणाला आहे?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून चोवीस वर्षांच्या तरुणाचे पत्र आले आहे. घरी कपाशी आणि तुरीची कोरडवाहू शेती आहे. त्याने नागपूरकडच्या एका विक्रेत्याकडून जर्मन शेफर्ड जातीचे पिल्लू घेतले, ते आता ११ महिन्यांचे आहे. नोंदणीचे कागद ‘नंतर देतो’ असे विक्रेता म्हणाला होता, ते अजून मिळालेले नाहीत. सायकलसोबत २० किलोमीटर धावण्याची एक परीक्षा असते आणि ती उत्तीर्ण झालेल्या नराला प्रजननासाठी चांगली मागणी येते असे कानावर आल्यामुळे, येत्या डिसेंबरमध्ये कुत्र्याला त्या परीक्षेत उतरवायचे त्याने ठरवले आहे. पोळा झाल्यापासून तो रोज संध्याकाळी कुत्र्याची दोरी हँडलला बांधून डांबरी रस्त्याने सायकल चालवतो आणि रोज थोडे अंतर वाढवतो. चौथ्या किलोमीटरच्या आसपास कुत्रा खाली बसतो आणि ओढूनही उठत नाही. सकाळी तो कधी पुढच्या, कधी मागच्या पायाने लंगडतो, पण थोडे चालल्यावर ठीक दिसतो. आजोबांनी एकेकाळी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोड्या तयार केल्या होत्या. त्यांचे म्हणणे, ‘कष्टानंच जनावर तयार होते.’ एक मित्र सुचवतो की सायकलऐवजी मोटारसायकल लाव. वडील विचारतात, ‘कुत्रं पळवून कापूस घरी येते का?’ वाचकाला जाणून घ्यायचे आहे की कुत्रा आळशी आहे का, त्याचा आळस कसा मोडावा, आणि मोडलाच नाही तर कुत्रा बदलावा का.

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रात प्रश्न तीन असले तरी तिन्ही एकाच गृहीतावर उभे आहेत. कुत्रा बसतो म्हणजे तो टाळाटाळ करतो, आणि टाळाटाळ सरावाने मोडता येते, असे तुम्ही धरून चालला आहात. पत्रात तुम्ही स्वतःच लिहिलेल्या खुणा मात्र वेगळे सांगतात. ११ महिन्यांचा मोठ्या जातीचा कुत्रा, रोजची धाव, एकही दिवस विश्रांती नाही, वाढते अंतर, डांबरी रस्ता, भाद्रपदातली दमट संध्याकाळ आणि सकाळचे लंगडणे, हे सगळे एका ओळीत मांडले तर आळस हा शब्द सुचण्याचे कारण उरत नाही. म्हणून पहिली विनंती अशी की हे उत्तर वाचून होताच सायकलची धाव थांबवावी, ‘थोडी कमी करून’ चालू ठेवू नये.

आता परीक्षेकडे येऊ, कारण तिच्याविषयी तुमच्यापर्यंत अर्धीच माहिती पोहोचलेली दिसते. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या, म्हणजे एफसीआयच्या, नियमांनुसार होणाऱ्या या सहनशक्तीच्या परीक्षेत कुत्र्याने सायकलसोबत २० किलोमीटर अंतर ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने पार करायचे असते. हे अंतर सलग नसते. पहिले ८ किलोमीटर झाले की १५ मिनिटांची विश्रांती, पुढचे ७ किलोमीटर झाले की २० मिनिटांची विश्रांती, आणि मग उरलेले ५ किलोमीटर. प्रत्येक विश्रांतीत परीक्षक कुत्र्याच्या थकव्याकडे आणि पंजांकडे पाहतात. फार थकलेला किंवा पाय सोललेला कुत्रा तिथेच बाजूला काढला जातो. या परीक्षेला गुण नसतात, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. कुत्रा उत्तीर्ण होतो किंवा होत नाही, एवढेच. आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट अशी की परीक्षेच्या दिवशी कुत्र्याचे वय किमान १६ महिने पूर्ण असावे लागते. तुमचा कुत्रा डिसेंबरमध्ये १४ महिन्यांचा असेल. ज्या परीक्षेसाठी तुम्ही पोळ्यापासून रस्ता तुडवत आहात, त्या परीक्षेला तो या डिसेंबरमध्ये बसूच शकत नाही.

ही अट कागदी नाही. मोठ्या जातींच्या कुत्र्यांमध्ये लांब हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा कूर्चेसारखा भाग साधारण १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान पक्का होतो. तोवर अंगाने कुत्रा पुरा वाढलेला दिसतो, वजनही भरते, पण सांधे अजून कच्चे असतात, आणि कडक रस्त्यावर एकाच लयीत हजारो वेळा पडणारे पाऊल त्या कच्च्या जागेला सोसत नाही. गुरांच्या बाबतीत हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. दात पुरे न आलेल्या गोऱ्ह्याला कोणी वखराला जुंपत नाही. तुमच्या आजोबांना हा एकच मुद्दा सांगून पाहा. ज्या माणसाने शंकरपटाच्या जोड्या तयार केल्या, तो गोऱ्ह्याच्या वयाबद्दल तुमच्यापेक्षा कडक असेल असा माझा अंदाज आहे.

आजोबांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. कष्टाने जनावर तयार होते हे खरेच आहे, फक्त कष्टानंतरच्या विश्रांतीत ते तयार होते. स्नायू, कंडरा आणि पायाच्या गाद्या यांची झीज धावताना होते आणि ती भरून निघते विसाव्यात. रोज धावणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला झीज येते, भर येत नाही. शंकरपट आणि ही परीक्षा यांत आणखीही एक मूलभूत फरक आहे. पटावर जोडी काही सेकंदांत अंतर कापते, तिथे सगळा जोर एकदम लावायचा असतो. इथे जोर राखून ठेवण्याची परीक्षा आहे.

हा फरक समजायला या जातीचा इतिहास उपयोगी पडतो. जर्मनीत १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानिट्झ यांच्या पुढाकाराने या जातीची संघटना उभी राहिली, तेव्हा हा कुत्रा प्रामुख्याने मेंढपाळांचा होता. कुंपण नसलेल्या शेतांच्या मधून मेंढ्यांचा कळप चरत जाई आणि कळपाने पिकात तोंड घालू नये म्हणून हा कुत्रा धुऱ्याच्या कडेने दिवसभर ये-जा करत राही, जणू चालते कुंपण. दिवाळीनंतर आपल्या शिवारात मेंढरे बसवणारे धनगर तुम्ही पाहिले असतील. काम साधारण त्याच जातीचे. दिवसभर असे फिरायचे तर भरधाव पळून भागत नाही. त्यासाठी लागते ती दुडकी चाल, जिच्यात पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र पडतो, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. पाठ जवळजवळ स्थिर राहते, श्वास लयीत राहतो आणि कमीत कमी शक्तीत जास्तीत जास्त अंतर कापले जाते. २० किलोमीटरची परीक्षा या चालीची आहे.

म्हणूनच मित्राच्या मोटारसायकलचा सल्ला सरळ बाजूला ठेवा. सायकल चालवणारा माणूस स्वतःही दमतो, चढ आला की त्याचा वेग आपोआप उतरतो, कुत्र्याचा श्वास त्याला ऐकू येतो. गाडीवर यातले काहीच होत नाही. मनगटाच्या जराशा हालचालीने वेग वाढतो, धूर थेट कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला सुटतो आणि कुत्रा कोसळेपर्यंत चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. जनावराला त्याच्या शक्तीपलीकडे पळवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. तुमच्या मित्राच्या मनात वाईट काही नसेल, पण सल्ला वाईट आहे.

आता लंगडण्याविषयी. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही, पण पशुवैद्यकाला कोणत्या शंका विचारायच्या हे सांगता येईल. जर्मन शेफर्डमध्ये साधारण ५ ते १८ महिन्यांच्या वयात लांब हाडांना आतून सूज येऊन एका पायातून दुसऱ्या पायात सरकणारे लंगडणे दिसते. ते बहुधा वयाबरोबर थांबते, पण त्या काळात धाव बंद ठेवावी लागते. दुसरी शंका खुब्याच्या सांध्याची. खुबा नीट न बसण्याचा आनुवंशिक दोष या जातीत बराच आढळतो, आणि ‘उठताना लंगडतो, चालला की सुटतो’ हे वर्णन त्यालाही लागू पडू शकते. तिसरी शंका तुमच्या भागात विसरून चालणार नाही, ती गोचिडांच्या तापाची. पावसाळ्यात गोचिडे वाढतात, त्यांच्यातून रक्ताचे आजार होतात, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा कुत्रा थोड्या श्रमात बसकण मारतो. हिरड्या फिक्या दिसतात का, भूक कमी झाली आहे का, नाकातून कधी रक्त आले का, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडे आहेत का, हे आजच पाहून ठेवा. रक्ताच्या तपासणीने यातले बरेच स्पष्ट होते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त तपासून घेता आले तर उत्तम. खुब्याच्या एक्स-रेसाठी मात्र नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाच्या चिकित्सालयापर्यंत जाण्याची तयारी ठेवा. अकोल्यातही पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. खुब्याचा पक्का निर्वाळा वर्ष पूर्ण झाल्यानंतरच्या एक्स-रेवरून देतात, त्यामुळे लंगडणे आत्ताच दाखवा आणि सांध्यांची पूर्ण तपासणी वर्ष उलटल्यावर करून घ्या. तोवर घरात माणसांसाठी आणलेली वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नका. आपल्या नेहमीच्या वापरातल्या अशा काही गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो किंवा यकृत-मूत्रपिंड निकामी होते. शिवाय दुखणे दबले की कुत्रा दुखऱ्या पायावर पळतो आणि इजा वाढते.

समजा तपासणीत सगळे ठीक निघाले. मग पुढे काय? कुत्र्याला फेब्रुवारीत १६ महिने पूर्ण होतील, त्यामुळे फेब्रुवारी-अखेरची एखादी परीक्षा गाठता येईल असा विचार तुमच्या मनात येईल. तो सोडून द्यावा असे माझे मत आहे. फेब्रुवारीच्या परीक्षेसाठी तयारी नोव्हेंबरपासून, म्हणजे तेराव्या महिन्यापासून करावी लागेल, आणि वयाच्या अटीमागचा हेतूच त्यात हरवेल. त्यानंतर विदर्भाचा उन्हाळा आडवा येतो. बाहेरचे तापमान २२ अंश सेल्सिअसच्या वर असू नये अशी या परीक्षेच्या नियमांत अपेक्षा आहे, आणि आपल्याकडे मार्च लागल्यावर तेवढा गारवा पहाटेच्या तासा-दोन तासांपुरताच उरतो. मे महिन्यात तर पाऱ्याने ४५ अंश ओलांडणे ही बातमीसुद्धा राहत नाही. म्हणून पुढच्या वर्षीचा हिवाळा धरा. तेव्हा कुत्रा दोन वर्षांचा असेल, हाडे पक्की झालेली असतील, आणि दसरा-दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तुम्हाला सुमारे तीन महिन्यांचा थंड काळ मिळेल. एवढा काळ तयारीसाठी पुरतो.

मधले वर्ष वाया जाणार नाही. लंगडणे थांबल्यावर आणि पशुवैद्यकाने परवानगी दिल्यावर मोकळे चालणे सुरू करा, तेही शेतातल्या मातीवर, मनसोक्त थांबत, वास घेत. हुंगायला थांबणाऱ्या कुत्र्याला ओढू नका. त्याचे बाहेर पडण्याचे सुख तिथेच असते. याच काळात त्याला सायकलची ओळख करून द्या. आधी सायकल नुसती उभी ठेवून तिच्याजवळ त्याला खाऊ घाला. मग सायकल हाताने ढकलत त्याला शेजारून चालवा. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘सावकाश’, ‘थांब’ हे चार शब्द चालतानाच पक्के झाले पाहिजेत, कारण ताशी १२ किलोमीटर वेगात नवीन शब्द शिकवता येत नाही. घंटी वाजली, ब्रेक करकरला, ट्रॅक्टर शेजारून गेला तरी तो बिचकत नाही ही खात्री पटेपर्यंत सायकलवर बसू नका.

दोरीबद्दल स्पष्ट लिहितो. हँडलला दोरी बांधणे आजपासून बंद. कुत्र्याने डुकराच्या किंवा मांजराच्या मागे एक झेप घेतली की हँडल वळते आणि माणूस कुत्र्याच्या अंगावर पडतो. बांधायचीच असेल तर सीटखालच्या दांडीला, कमी उंचीवर, मध्ये स्प्रिंग असलेला जोड वापरून बांधा. नाहीतर दोरी हातात अशी धरा की गरज पडली तर ती सुटून जाईल. मनगटाला गुंडाळू नका. गळ्यात आवळणारी साखळी नको; सरावासाठी छातीवरून जाणारा रुंद पट्टा घ्या, पण तो काखेत घासत नाही हे रोज पाहा. परीक्षेच्या दिवशी कोणता पट्टा चालतो हे आयोजकांना आधी विचारून ठेवा.

यात एक अडचण आपल्या देशापुरती आहे. नियमानुसार कुत्रा सायकलच्या उजव्या बाजूला धावतो. हे नियम जिथे घडले तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे उजवीकडचा कुत्रा रस्त्याच्या कडेला सुरक्षित राहतो. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून तीच सवय आपल्याकडे कुत्र्याला थेट ट्रकच्या बाजूला आणून ठेवते. यावर उपाय असा की उजव्या बाजूची सवय पांदण रस्त्यावर किंवा कालव्याच्या कडेच्या मुरमी वाटेवर लावावी, आणि वाहत्या रस्त्यावर जाणे भागच असेल तर कुत्रा डावीकडे घ्यावा. दोन्ही बाजूंनी धावायला शिकलेला कुत्रा कधीही चांगला. राज्य महामार्गावर मात्र कोणत्याही बाजूने नको.

पुढच्या ऑक्टोबरपासूनचा क्रम साधारण असा ठेवा. आठवड्यात तीनच दिवस धाव, आणि दोन धावांच्या मध्ये किमान एक दिवस नुसते चालणे. पहिल्या आठवड्यात २ किलोमीटर पुरे, आणि त्याआधी व नंतर दहा मिनिटे सायकल हातात धरून चालणे. दर आठवड्याला एक-सव्वा किलोमीटर वाढवा, पण दर चौथ्या आठवड्यात वाढवण्याऐवजी अंतर निम्म्यावर आणा. वेग मोजायला फार यंत्रे लागत नाहीत; एक किलोमीटरला पाच मिनिटे लागली तर ताशी १२ किलोमीटर, चार मिनिटे लागली तर ताशी १५. रस्त्याचे किलोमीटरचे दगड आणि घड्याळ एवढ्यावर काम भागते. अंतर १४-१५ किलोमीटरपर्यंत पोहोचले की परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी एकदाच ८, ७ आणि ५ किलोमीटरचे तिन्ही टप्पे विश्रांतीसह करून पाहा, आणि त्यानंतर सराव हलका करा. पूर्ण २० किलोमीटर पुन्हा पुन्हा धाववून काही मिळत नाही. बहुतेक सराव मातीवर असावा, पण परीक्षेत डांबरी रस्ताही असू शकतो, तेव्हा पायांच्या गाद्या घट्ट होण्यापुरता थोडा भाग सकाळच्या थंड डांबरावर करावा.

धावताना नजर वेगमापकापेक्षा कुत्र्याच्या पायांवर ठेवा. दुडकी मोडून तो उड्या घेत पळू लागला तर तुमचा वेग जास्त आहे. एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र टाकत डुलत चालू लागला तर बहुधा तो थकला आहे. दोरी थोडी पुढे ताणत असेल तर चिंता नाही. दोरी सतत मागे ताणली जात असेल तर त्या दिवशीची धाव तिथेच संपली असे समजा आणि परत चालत या. घर सात किलोमीटरवर असताना हे लक्षात आले तर परतीची पंचाईत होते, म्हणून सुरुवातीचे महिने घराभोवती फेऱ्या पडतील असा मार्ग निवडा.

उष्माघाताविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कुत्रा गमावण्याचा सर्वांत मोठा धोका तिथे आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांपुरता थोडा येतो, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. हवा दमट असली की धापांमधून पाणी नीट उडत नाही, त्यामुळे ऊन नसलेली भाद्रपदातली संध्याकाळही त्याला घातक ठरू शकते. त्यात दिवसभर तापलेले डांबर खालून उष्णता देत असते. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते आणि ते ४१ च्या पुढे गेले की जिवाला धोका असतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणे, हिरड्या गडद लाल होणे, लाळ चिकट होणे, पाय लटपटणे, उलटी होणे, ही त्याची लक्षणे. असे दिसताच सावलीत आणून साध्या पाण्याने सगळे अंग, विशेषतः पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू भिजवा, वारा घाला, शुद्धीत असेल तर थोडे थोडे पाणी प्यायला द्या, आणि अंग थंड करायला सुरुवात केल्यानंतरच दवाखान्याकडे निघा. ओले फडके अंगावर पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. तुमचा कुत्रा चौथ्या किलोमीटरला बसला आणि तुम्ही थांबलात, हे बरे झाले.

वेळ कोणती निवडावी, यावर सगळीकडे ‘भल्या पहाटे’ असे उत्तर मिळते. यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात मी ते देणार नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या गावांत वाघाचा वावर आहे, आणि बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य वाटते. अंधारात सायकलवर एकटा माणूस आणि शेजारी कुत्रा, हे दोघांनाही धोक्याचे आहे. हिवाळ्यात पूर्ण उजाडायला पावणेसात वाजतात आणि त्यानंतरही दोन-अडीच तास हवा पुरेशी थंड असते, तेव्हा अंधारात निघण्याची गरजच नाही. वनरक्षकाकडे चौकशी करून मार्ग ठरवा, जमल्यास सोबतीला कोणाला घ्या. गावातली कुत्री अंगावर आली तर वेग वाढवून निसटायला जाऊ नका. खाली उतरून सायकल मध्ये आडवी धरा आणि शांतपणे चालत पुढे जा. रेबीजची लस वेळेवर दिलेली असणे हे त्याआधीचे काम.

शिवाराचा आणखी एक धोका तुम्ही शेतकरी असल्यामुळे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे औषध पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला बाधते, ते गुडघ्याएवढ्या उंचीवरून पऱ्हाटीला घासत जाणाऱ्या आणि नंतर स्वतःचे अंग चाटणाऱ्या कुत्र्याला सोडत नाही. फवारणी झालेल्या वावरातून त्याला नेऊ नका, सरीतले किंवा डबक्यातले पाणी पिऊ देऊ नका. बाटली आणि वाटी सोबत ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीचे गोळे बोटांच्या बेचक्यांत वाळून दगडासारखे होतात, आणि दिवाळीच्या सुमारास सराटे आणि कुसळे सुरू होतात. कुसळ कातडीत किंवा कानात शिरले की आतच पुढे सरकत जाते, म्हणून घरी आल्यावर चारही पंजे आणि दोन्ही कान बोटांनी चाचपून पाहण्याची सवय लावून घ्या.

खाण्याविषयी तुम्ही काही लिहिले नाही, पण ज्वारीची भाकर आणि दूध एवढेच असेल तर ते पुरणारे नाही. धावणाऱ्या कुत्र्याला प्रथिने आणि स्निग्धांश लागतात. अंडी, शिजवलेली कोंबडी, किंवा परवडत असेल तर चांगले कोरडे खाद्य द्या. कॅल्शियमचे टॉनिक मनाने देऊ नका, मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला जास्तीच्या कॅल्शियमने हाडांचेच दोष होतात. भरल्या पोटी धाव कधीही नको. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून धाव सकाळी रिकाम्या पोटी, आणि जेवण परत आल्यावर तास-दीड तासाने.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही टाळले आहे असे पत्र वाचताना जाणवले. त्यांचा प्रश्न रास्त आहे. परीक्षेच्या प्रमाणपत्राने उत्पन्न सुरू होते असे तुम्ही धरले आहे, पण जर्मनीतही हे प्रमाणपत्र प्रजननासाठीच्या निवडीची एक पायरी असते. खुब्याचा निकाल, वंशावळ आणि स्वभावाची तपासणी तिच्यासोबत लागते. आपल्याकडे वंशावळीची नोंद केनेल क्लब ऑफ इंडिया ठेवतो. कागदच नसतील तर तुमचा कुत्रा कितीही सुंदर धावला तरी त्याच्या पिल्लांची नोंद होणार नाही. पहिला पाठपुरावा कागदांचा करा, आणि तो लेखी करा. शिवाय श्वान प्रजनन व विक्रीसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हे सगळे वडिलांसमोर मांडून, येत्या वर्षभरात एक्स-रे, तपासण्या आणि खाद्य यांवर किती खर्च होईल आणि परतावा मिळेलच असे नाही, हे त्यांना आधीच सांगितले तर घरातला वाद बराच निवळेल. पैशांसाठीच हे करायचे असेल, तर न केलेले बरे. कुत्र्यासोबत पांदणीने फिरणे तुम्हाला आवडत असेल, तर परीक्षा हे त्यातले एक निमित्त ठेवायला हरकत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, कुत्रा बदलावा का. नाही. लंगडणे वयाचे निघाले किंवा गोचिडांचा ताप निघाला तर उपचाराने तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत तयार होईल. खुबा सदोष निघाला तर त्याला परीक्षेत उतरवू नका आणि त्याची पैदासही करू नका. वजन आटोक्यात ठेवून, बेताचे चालणे ठेवून तो घर आणि शेत वर्षानुवर्षे राखील. दुसरा कुत्रा आणायचाच झाला तर आई-वडिलांच्या खुब्याचे निकाल आणि नोंदणीचे कागद हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. दवाखान्यात जाताना कुत्रा उठतानाचा आणि पहिली पावले टाकतानाचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ, लसीकरणाचे कार्ड आणि पोळ्यापासून कोणत्या दिवशी किती पळवले याची आठवेल तशी नोंद सोबत न्या. तिथे पोहोचेपर्यंत लंगडणे बहुधा सुटलेले असेल, आणि तपासणाऱ्याला त्या व्हिडिओचाच आधार राहील.